थोरल्या जाऊबाईंची करपलेली भाकरी

आज तव्यावर भाकरी करपली आणि त्या वासानं मला वीस वर्षं मागे, कारेगावला थोरल्या जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात नेलं.

जाऊबाईंना आमच्या चर्चच्या मंडळीत मोठा मान. साखळी प्रार्थनेत एकेकानं पाळीपाळीनं प्रार्थना करायची; त्यांची पाळी आली की बायका पदरानं डोळे पुसायच्या. त्यांच्यानंतर नेमकी माझी पाळी. मी ‘प्रभू, सगळ्यांना सांभाळ, आमेन’ म्हणून मोकळी व्हायचे आणि घरी येईपर्यंत जळत राहायचे. एकदा तर प्रार्थना पाठ करून गेले आणि निम्म्यातच विसरले.

त्या सकाळी त्यांची युक्ती विचारायचीच म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. त्या चुलीपुढं पाठमोऱ्या, पिठाचे हात जोडून बोलत होत्या.

“प्रभू, माझी जीभ लई चालती. लोकं रडली की मला बरं वाटतं, ह्ये तुला ठाव हाय. धाकटीवानी दोन शब्दांत तुझ्याशी बोलता यावं मला. लई हेवा वाटतो बघ तिचा.”

तव्यावर भाकरी करपत होती. मी पुढं होऊन उलटली. त्या दचकल्या. “कवा आलीस गं?”

“आत्ताच,” मी धडधडीत खोटं बोलले.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. उलट मी जास्तच जळले. हेवा मीही करत होते, पण तो देवाला सांगायचं मला कधी सुचलंच नव्हतं. इथंही त्या पुढं!

आज सून विचारत होती, “आई, लक्ष कुठं होतं?” काय सांगू? तव्यापुढं उभी राहून मी प्रभूला जाऊबाईंविषयी सगळं सांगत होते. वीस वर्षांचं साचलेलं, दोन शब्दांत कसं उरकणार?