परक्या खाचरातली आवणी

व्हिएतनामला खरं तर मी आणि नवरा जाणार होतो. तिकिटं काढायची वेळ आली तशी नवऱ्याने अंग काढून घेतलं. गावाकडे आईची म्हैस व्यायला झाली आहे, शिवाय इतक्या लांब जाऊन बघायचं तरी काय, असं म्हणाला. मग म्हणाला, "आईला ने. तिचा पासपोर्ट पडूनच आहे." धाकट्या दिरांनी आईला मस्कतला न्यायचं म्हणून तो काढायला लावला होता. सासूबाई मस्कतला काही गेल्या नाहीत आणि पासपोर्ट मात्र धान्याच्या कणगीमागे ट्रंकेत सुखाने राहिला होता.

मला वाटलं, त्या नाहीच म्हणणार. पण भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायचं काम उरकलं होतं. त्या म्हणाल्या, "राब भाजून झालाय, पाऊस लागाया अजून टाइम हाय. चल."

गोंधळाला सुरुवात तिथूनच झाली.

आम्ही मुरबाडला राहतो. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवते, नवरा कल्याणला नोकरीला जातो. सासूबाई वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्याला लागून असलेल्या गावात राहतात. एकट्या म्हणायचं, पण सोबत दोन म्हशी आणि भाताची चार खाचरं. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, आता माणसं मिळत नाहीत. मिळतात ती येईन म्हणतात आणि त्या दिवशी दुसऱ्याच्या बांधावर दिसतात. शेजारच्या दोन घरांनी शेतं फार्महाऊसवाल्यांना देऊन टाकली. आमच्याकडेही गाड्या थांबतात, काचा खाली होतात आणि आतून विचारणा होते. सासूबाई गेल्यावर आमच्या खाचरांचंही तेच होणार, हे मला दिसत होतं आणि ते मला सहन होत नव्हतं.

म्हणून मी एक बेत काढला होता. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी धबधबे बघायला आमच्याच रस्त्याने वर जातात. त्यांना शेतात उतरवायचं, चिखलात आवणी करू द्यायची, वर तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊ घालायचं. रोपं लागतील, खर्च निघेल, शेत चालू राहील. जमीन सासूबाईंची, त्यामुळे होकार त्यांचा हवा होता. त्यांनी एका वाक्यात विषय मिटवला होता: "भात म्हंजे काय सर्कस हाय?" त्यानंतर मी जेव्हा जेव्हा विषय काढला तेव्हा तेव्हा त्या उठून म्हशींकडे गेल्या.

तर व्हिएतनामच्या त्या किनाऱ्यावरच्या शहरात, होई आनमध्ये, एका दिवसाची छोट्या गटाची सहल होती. जुनं शहर, नारळीच्या खाडीतली होडी आणि दुपारी 'शेतकऱ्याचं आयुष्य अनुभवा'. मी मुद्दाम तीच निवडली. सासूबाईंना सांगितलं नाही. डोळ्यांनी बघतील तेव्हा पटेल, असा माझा हिशेब होता.

सकाळी एक छोटी गाडी आम्हाला घ्यायला आली. आम्ही सगळी मिळून आठ माणसं. एक दिल्लीकडचं नवं जोडपं, बाकी गोरे. वाट दाखवणारी मुलगी वीस-बावीसची, हातात पिवळं निशाण, आणि तिचं इंग्रजी इतकं भराभर की माझं बीएचं इंग्रजी धापा टाकू लागलं. मी सासूबाईंना अर्धं सांगायची, तोवर ती पुढच्या गल्लीत पोचलेली असायची. पिवळ्या भिंतींची घरं, दारोदार कागदी-रेशमी कंदील, एक छप्पर असलेला जुना पूल. मी विचारलं, "आई, कसं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "हितं दिवाळी हाय का गो?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग येवढे आकाशकंदील कशाला?" निशाणवाल्या मुलीला विचारलं, तर ती हसून म्हणाली, सुंदर दिसतात म्हणून. ते मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बराबर हाय." मी चाटच पडले. घरी मी खिडकीला नवा पडदा लावला तर महिनाभर टोमणे ऐकले होते.

मग त्या टोपलीसारख्या गोल होड्या. बांबूच्या विणलेल्या, एका होडीत दोघं आणि एक वल्हवणारा. मी ठरवलं होतं की सासूबाईंना काठावर बसवायचं, गुडघे दुखतात त्यांचे. त्या माझ्याआधी आत जाऊन बसल्या. वल्हवणाऱ्याने मोठ्याने गाणं लावलं आणि होडी गरागरा फिरवायला लागला. मी डोळे मिटून होडीची कड धरून बसले. उघडले तर सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, खांदे हलत होते. बावीस वर्षांच्या संसारात मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. मला त्यांचा आनंद बघून आनंद व्हायला हवा होता. झाला भलताच राग. ही बाई इतकी हसू शकते, तर इतकी वर्षं मला काय म्हणून फक्त कपाळाच्या आठ्या दाखवल्या?

दुपारी गाडी शहराबाहेर आली आणि भाताची खाचरं दिसली. सासूबाई एकदम सरळ बसल्या. आमच्यासारखेच बांध, आमच्यासारखंच पाणी, फक्त डोंगर लांब. मी त्यांच्याकडे बघत होते.

सगळ्यांना तपकिरी सदरे आणि टोकदार टोप्या दिल्या. सासूबाईंचं लुगडं गुडघ्यापर्यंतच असतं, चिखलासाठी त्याहून सोयीचं काही नाही. पण निशाणवाली म्हणाली, फोटोसाठी सदरा हवा. मला वाटलं, आता बिनसलं. त्यांनी मुकाट्याने लुगड्यावर तो सदरा चढवला, टोपी घातली आणि मला म्हणाल्या, "इरल्यापरीस हलकी हाय." सजवलेल्या म्हशीवर गोरे एकेक करून बसले, फोटो काढले. सासूबाईंनी म्हशीचे दात बघून तिचं वय ताडून घेतलं.

मग आवणी. बांधावर रोपांच्या जुड्या ठेवलेल्या होत्या. निशाणवालीने सगळ्यांना समजावलं की भात कसं लावतात. म्हणजे माझ्या सासूबाईंना समजावलं! मी तोंड उघडलं होतं, ह्या शेतकरी आहेत असं सांगायला, पण त्यांनी माझा दंड दाबला. उतरल्या. आमच्याकडे लावतात तशी चार-पाच काड्यांची चूड त्यांनी चिखलात खोवली. तिथे कामाला एक म्हातारी होती, सासूबाईंच्याच वयाची, दात काळपट, पायजमा मांडीपर्यंत गुंडाळलेला. ती लगबगीने आली, सासूबाईंची चूड काढली, त्यातल्या दोन काड्या वेगळ्या करून लावून दाखवल्या आणि बोट हलवून सांगितलं, असं. मी देवाचं नाव घेतलं. गावात त्यांच्या आवणीला कोणी बोट लावलेलं नाही, लावायची हिंमतही नाही. सासूबाईंनी मान हलवली आणि दोन-दोन काड्या लावत मागे सरकू लागल्या. वाकल्या त्या वाकल्या, हात आपोआप चालले. बाकीचे चिखलात पाय अडकून ओरडत होते. हळूहळू सगळे थांबले आणि त्यांच्याकडे बघू लागले. दिल्लीच्या मुलीने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. सासूबाईंनी वर पाहिलं. टाळ्या कोणासाठी आहेत ते त्यांना आधी कळलंच नाही, मागे वळून पाहिलं त्यांनी. कळल्यावर लाजल्या.

मला वाटलं, जिंकले. संध्याकाळी विषय काढायचा, आजच.

पाय धुऊन सगळे जेवायला मांडवाखाली गेले. सासूबाईंचं चष्म्याचं घर बांधावर राहिलं होतं, ते आणायला मी परत गेले. आणि बघते तर ती म्हातारी खाचरात उतरून आम्ही लावलेली रोपं उपटत होती. एकेक करून, मुळांसकट. पाटाच्या पाण्यात मुळं खळबळून धूत होती, जुडी बांधत होती, बांधावर ओळीने ठेवत होती. आम्ही आलो तेव्हा होत्या, अगदी तशा. रस्त्यावर दुसरी गाडी येऊन थांबली होती आणि पिवळ्या निशाणाची आणखी एक मुलगी खाली उतरत होती.

मी शहापूरची, माहेरी तानसाच्या बाजूला शेती. आवणी करताना एखादं रोप तरंगलं तर मागून येणारी बाई ते पुन्हा दाबते, तेवढ्यासाठी चार पावलं मागे जाते. लावलेलं रोप उपटायचं? ही रोपं कधी रुजणार नव्हती. रोज लावायची, रोज उपटायची, वाळली की दुसरी आणायची. मला पहिल्यांदा आठवली ती सर्कस. आणि लगेच दुसरा विचार आला, लाज वाटते पण आला: सासूबाईंना हे दिसता कामा नये. दिसलं तर माझा बेत कायमचा गेला.

मी वळले तर त्या माझ्या मागेच उभ्या.

"आई, जेवायला चला, थंड होतंय," मी म्हणाले आणि त्यांच्या समोर उभी राहिले. मी काही फार रुंद नाही. त्यांनी मला बाजूला सारलं, बांधावरून खाली उतरल्या आणि त्या म्हातारीच्या शेजारी जाऊन वाकल्या. मला वाटलं, आता तिचा हात धरणार. त्यांनी रोप उपटलं. पाण्यात खळबळलं, डाव्या हातात घेतलं, दुसरं उपटलं. म्हातारी काहीतरी बोलली, सासूबाई काहीतरी बोलल्या, दोघींनाही एकमेकींचं कळलं नसणार. दोघी हसल्या. खाचर रिकामं झालं तेव्हा म्हातारीने त्यांचा गुडघा चोळून दाखवला, मग आपला.

मला काहीच समजेना. जेवणात सासूबाईंनी मासा खाल्ला, कच्च्या पाल्याची अख्खी थाळी संपवली, आणखी मागितली. मी ताटातला भात नुसता इकडचा तिकडे करत बसले.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "आई, तुम्हाला वाईट नाही वाटलं? लावलेलं उपटलं ते?"

"वाईट कशाला?" त्या म्हणाल्या. "तिला पावसाची वाट नाय. डुकरांची राखन नाय. कापनीला आभाळ आलं तं पोटात गोळा नाय. मी लगीन होऊन आलं तवापासना आवनी करतंय, पन आवनी झाल्यावर मला येक रात सुखाची झोप नाय लागली. आज बग, लागंल." थोडं थांबून म्हणाल्या, "तुजं ते मुंबयवाल्यांचं. कर. यंदाच कर."

इतकी वर्षं मी ज्या शब्दाची वाट बघत होते तो शब्द मिळाला होता. मी तर नकाराला द्यायची उत्तरं तयार ठेवली होती. आणि माझ्या तोंडातून निघालं ते भलतंच.

"पण आई, आपल्याकडे तसं उपटायचं नाही हं. आपल्याकडे पिकू द्यायचं. नाहीतर भात कुठून येणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"कोनाला गो? तुमी दुकानातला बारीक खाता. तुमच्या पोरांना आपला जाडा नाय चालत. मी गोनी धाडतंय, तिला पोरकिडं लागतात, मंग तुमी ती कामवालीला देता. मला ठावं हाय. मी काय बोललंय का कवा?" त्यांनी पदर नीट केला. "मी लावतंय, मी झोडतंय, न् मी येकलीच खातंय. हितं निदान टाळ्या तरी वाजवल्या कोनी."

मग त्यांनी मान मागे टेकली आणि खरंच झोपल्या. निशाणवाली एकेकाला विचारत येत होती, शेतकऱ्याचा अनुभव कसा वाटला. माझ्यापर्यंत आली तेव्हा मी बोटांनी खूण केली, हळू बोल.

संध्याकाळी हॉटेलवर नवऱ्याचा फोन आला. म्हैस व्याली होती, पारडी झाली होती. त्याने लगेच विचारलं, "आई तुझ्या बेताला तयार झाली का?"

"झाली," मी म्हणाले.

"काय सांगतेस! मग?"

"अहो," मी म्हणाले, "आईंच्या शेतातल्या तांदळाचा भात आपण शेवटचा कधी खाल्ला?"

तो म्हणाला, "तिकडे ऊन फार आहे का गं? लागलं का तुला?"