पाण्याशी वैर असलेलं घराणं

केमिकलच्या गोडाऊनमध्ये किस्से मालापेक्षा लवकर साठतात. मालाला एक्स्पायरी तरी असते!

आमचं गोडाऊन काल्हेरला. कॉलेजांच्या लॅबना माल पुरवतो. मालक म्हात्रे शेठ, माल हलवायला अंबाडीकडचे भोईर काका, आणि केमिस्ट्री शिकलेली म्हणून स्टोअर माझ्याकडे. मला रोज एकच धास्ती. आपल्यातलं कुणी भाजून घरी जाऊ नये.

*

आल्या आल्या मी भिंतीवर आवर्तसारणी लावली. "काका, डावीकडची ही उभी रांग म्हणजे एक घराणं. सगळ्यांचं पाण्याशी वैर. लिथियम नुसतं फसफसतं, खालचं सोडियम सैरावैरा पळतं, त्याखालचं पोटॅशियम लगेच पेटतं. खाली जाल तसा राग वाढतो."

"आमचे घरान पन तसाच हाय," काका म्हणाले. "थोरला गप, धाकटा भडकू."

*

सोडियमवर थर चढला की काका सुरीनं खरवडायचे. एकदा जुन्या पोटॅशियमवर पिवळा थर दिसला आणि त्यांनी सवयीनं सुरी उचलली. त्या थराचा नुसत्या घासण्यानं स्फोट होऊ शकतो. मी झडप घालून त्यांचं मनगटच धरलं.

"सोडियमला चालतं ना?" शेठनी विचारलं.

"चालतं. पण हा सोडियमचा भाऊ आहे शेठ, सोडियम नाही."

*

मग काका जपून वागायला लागले. आयोडिनचा खोका दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि ब्रोमिनच्या बाटल्यांचा खोका पायानं सरकवला! मी धावत जाऊन तो धरला.

"आयोडिन खालचा हाय ना? मंग तोच भडकू."

"उजवीकडच्या त्या घराण्यात उलटं, काका. वरचा भडकू, खालचा शांत."

काकांनी तक्त्यावर वरून खाली बोट फिरवलं. "मंग आमचे धाकट्याला तिकरंच दत्तक देवू."

*

दसऱ्याला शेठच्या आई पूजा झाली की कलशातलं पाणी आंब्याच्या पानानं गोडाऊनभर शिंपडतात. त्या दिवशी एकही दार बंद ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. आतल्या खोलीत तो पिवळ्या थराचा डबा तसाच होता. झाकण नीट बसत नव्हतं, आणि त्याला हात लावायची आमची छाती नव्हती. तो न्यायला घातक कचरा उचलणारी माणसं यायची होती.

आई शिंपडत शिंपडत तिथवर आल्या. काका दारात आडवे उभे राहिले.

"बाजूला हो रं भोईर."

"न्हाय, आई."

"त्या खोलीला देव नको काय?"

"आत पानी गेला त आग लागंल."

शेठ खाली बघत होते. आईला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. आईंनी पान कलशात बुडवलं.

"मंग तू भायेर ये," आई म्हणाल्या.

काकांना अंगणात नेऊन त्यांनी अख्खा कलश त्यांच्या डोक्यावर ओतला.

"दारान तू उभा र्‍हातस ना? तुला लागला म्हंजे खोलीला पोचला."