वाढत्या अंगाची सायकल

वैरागहून पुण्याला जाणारी एसटी पहाटे सुटते, असं वेळापत्रकात लिहिलेलं आहे. आमची सुटली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. बरोबर माझी लेक निमा. तिला तेरावं सरलं होतं, पण अंगानं ती जेमतेम आठ वर्षांची वाटायची. तिची उंची का वाढत नाही, हे पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना विचारायचं आणि येताना तिला सायकल घेऊन यायचं, असे दोन बेत होते. आमच्या गावात तासावर भाड्याने मिळतात त्या सायकली दांड्याच्या, थोराड. दांड्याखालून पाय घातला तरी निमाचा पाय पायडलला पुरत नसे. मैत्रिणी स्वतः सायकल चालवत शाळेत जायच्या आणि ही कुणाच्या तरी मागे कॅरिअरवर दप्तर सांभाळत बसायची. "पुण्यात सगळं मिळतं," असं तिचे वडील निघताना पुन्हा पुन्हा म्हणाले. ते फक्त सायकलीबद्दल बोलत नव्हते, हे मला कळत होतं.

भिगवणच्या आसपास खिडकीतून धरणाचं पाणी दिसू लागलं. कडेला पांढरे पक्षी स्वस्थ उभे होते. गाडी थांबली तेव्हा बरीच मंडळी तळलेल्या मासळीच्या वासामागे गेली. आम्ही फडकं सोडून भाकरी आणि शेंगाचटणी (दाण्याची तिखट चटणी) खाल्ली. निमा खुशीत होती. सायकलीला पुढे टोपली हवी आणि रंग लाल नको, हे तिने मला भिगवण ते लोणी काळभोर ऐकवलं.

लोणीला कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन एक बाई चढल्या आणि आमच्याशेजारी बसल्या. निमाकडे कौतुकाने बघत म्हणाल्या, "साळंत (शाळेत) जाती का गं, बाळे?"

"आठवीत आहे," निमा म्हणाली.

"आगं बया! आठवीत? मला वाटलं दुसरीतली हाय!" बाई मोकळेपणी हसल्या आणि त्यांनी तिच्या हातात एक पेरू ठेवला. त्यांच्या मनात काही नव्हतं. निमाने पेरू घेतला, पण खाल्ला नाही, आणि सायकलीचं बोलणंही तिथेच थांबलं.

कोथरूडला माझ्या नणंदबाई राहतात. नव्या सोसायट्या, कोवळी झाडं आणि प्रत्येक फाटकावर एक तरी सूचना. 'येथे विनाकारण उभे राहू नये' अशी पाटी वाचून आम्ही कारणासह उभ्या राहिलो आणि घंटी वाजवली. संध्याकाळी लक्ष्मी रोडवर निमाच्या गणवेशाची खरेदी झाली. मी सवयीने दोन मापं मोठा स्कर्ट मागितला. आमच्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची पद्धत आहे. खाली घसघशीत दुमड घालायची आणि मूल उंच होईल तशी उसवायची. दुकानदाराने एकदा निमाकडे, एकदा स्कर्टकडे पाहिलं. "बाई, आत आणखी एक मुलगी राहायची असेल तर तसं सांगा," तो म्हणाला. मी तरीही तोच घेतला आणि रात्री नणंदेच्या मशीनवर चार बोटं दुमड घातली. निमाच्या आधीच्या तिन्ही फ्रॉकांच्या दुमडी अजून तशाच होत्या. ते मला माहीत नव्हतं असं नाही, पण हात ठरल्या वाटेने चालतात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी निमाच्या हाताचा एक्स-रे काढायला लावला. काचेवर फिल्म धरून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आपण स्पष्ट बोलू. हाडांची वाढ पुरी झाली आहे. उंची आता वाढणार नाही."

मी औषधाचं विचारणार, तेवढ्यात निमानेच विचारलं, "म्हणजे मी एवढीच राहणार?"

"हो, बाळ. पण तब्येत ठणठणीत आहे तुझी. खेळ, शीक, काय हवं ते कर."

ते सज्जनपणेच बोलले. मला मात्र त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं. मूल आजारी असतं तर शुश्रूषा केली असती, रात्री जागले असते. इथे करण्यासारखं काहीच नव्हतं. बाहेर आल्यावर आम्ही एका हॉटेलात मिसळ मागवली. वेटर तिखट रस्सा पुन्हा पुन्हा वाढून गेला, त्यामुळे डोळे पुसायला निमित्त मिळालं. निमाने शांतपणे पाव संपवला आणि म्हणाली, "आता सायकल."

नाना पेठेतल्या सायकलच्या दुकानात गेलो. मालक शेखचाचा पांढऱ्या दाढीचे, नाकावर चष्मा. लेडीज सायकल दाखवा म्हटल्यावर त्यांनी दोन सायकली पुढे ओढल्या. एक हिरवी, मोठ्या मुलींची, पुढे टोपली असलेली. दुसरी लहान मुलांची, लाल, बदकाच्या आकाराचा हॉर्न, मागच्या चाकाला आधाराची दोन चिमुकली चाकं.

"मधलं माप नाही का?" मी विचारलं.

"नाही. दिवाळीनंतर आलं तर आलं. सगळी मापं बघायची असतील तर बाई, कारखान्यात जावं लागेल. इथे आहे ते हे."

निमा हिरव्या सायकलीच्या घंटीवर बोट फिरवत होती. तिच्या सगळ्या मैत्रिणींकडे तसलीच सायकल होती. मी चाचांना सीट अगदी खाली घ्यायला सांगितलं. त्यांनी ती फ्रेमला टेकेपर्यंत उतरवली, पायडलना लाकडी ठोकळे बांधून दिले. निमा बसली तरी तिच्या पायाची बोटं जमिनीपासून वरच राहिली.

"हीच घ्या," चाचा समजुतीने म्हणाले. "सायकल नेहमी वाढत्या अंगाची घ्यावी. लहान घेतलीत तर पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याकडेच याल. वर्षभरात पाय टेकतील पोरीचे."

मला त्या शब्दांचा इतका आधार वाटला की काय सांगू. वाटलं, या दुकानात तरी अजून कुणी एक्स-रे पाहिलेला नाही. इथे निमा वाढणार आहे. "हो हो, हीच द्या," मी म्हणाले. निमाने माझ्याकडे पाहिलं.

चाचांनी गल्लीत एक फेरी मारून बघायला सांगितलं. शेजारच्या पोराच्या छोट्या सायकलीवर शिकलेली ती निघाली, आणि छान निघाली. ठोकळ्यांवर पाय मारत पार कोपऱ्यापर्यंत गेली. वळून येताना समोर फळांची हातगाडी आली. तिने ब्रेक दाबला, पाय टेकायला खाली सोडला, आणि खाली काहीच नव्हतं. ती सायकलीसकट आडवी झाली. मी धावले. कोपर खरचटलं होतं, फ्रॉक मातीने भरला होता.

"होतं असं. सवय होईल," चाचा सायकल उचलत म्हणाले. "जरा उंची वाढली की..."

"चाचा, माझी उंची नाही वाढणार," निमा म्हणाली. "डॉक्टरांनी आजच सांगितलं. मला ती लाल द्या. तिच्यावर माझे पाय टेकतील."

गल्लीत हातगाडीवाला आपली फळं सावरत होता. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. त्या दिवशी ती गोष्ट मी पहिल्यांदा कबूल केली, ती अशी, नाना पेठेत, न बोलता.

चाचा आत गेले, पाना घेऊन आले. त्यांनी लाल सायकलीची आधाराची चाकं काढली, बदकाचा हॉर्न काढला. हिरव्या सायकलीची घंटी आणि टोपली सोडवून हिला बसवली. सीट थोडी वर घेतली. "आता ही आठवीतल्या मुलीची झाली," एवढंच ते म्हणाले. निमा बसली. दोन्ही टाचा जमिनीवर टेकल्या.

परतीला सायकल एसटीच्या टपावर (गाडीच्या छतावर) काथ्याने बांधली. प्रत्येक खड्ड्याला वर घंटी वाजायची आणि माणसं माना वर करायची. निमा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. भिगवणचं पाणी पुन्हा आलं आणि गेलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवत रडले. या वेळी मिसळीचं निमित्त नव्हतं आणि मला ते लागलंही नाही.

घरी आल्यावर शेजारणींनी विचारलं, पुण्यात काय काय पाहिलंत? शनिवारवाडा पाहिला नाही, पर्वती चढलो नाही. मी सायकल दाखवली. "एवढीशी?" एक म्हणाली. "तिच्या मापाची आहे," मी म्हणाले.

सोमवारी शाळेत जाण्याआधी निमा नवा स्कर्ट घालून माझ्यासमोर उभी राहिली. "आई, ही दुमड जड लागते. पायडल मारताना गुडघ्यावर आपटते. कापून टाक ना."

उसव म्हणाली नाही, काप म्हणाली. मी कात्री घेतली. गोलाकार फिरत चार बोटांची निळी पट्टी माझ्या मांडीवर पडली, आणि मी खालची कड पुन्हा शिवून दिली. ती पट्टी मी ठेवणीतल्या चिंध्यांत टाकणार होते, पण निमाने मागून घेतली. रोज सकाळी ती त्या पट्टीने आपली सायकल पुसते.