तबकडीत न मावलेलं कडवं

कागदावर का होईना, पण ये बघू जवळ, बस अशी. भाची ना गं तू माझी? मग सोसायटीच्या गणपतीतला तो व्हिडिओ बघून 'मावशी, ट्रॅक संपला तरी तू गातच होतीस' असं हसरं तोंड लावून कशाला पाठवलंस? चुकून नाही गायले. मुद्दाम गायले.

ते गाणं सगळ्यांना पाठ, कारण त्याची रेकॉर्ड गाजली. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, म्हणून दोनच कडवी घेतली. पुढे दुसऱ्या गायिकेनं गायलं, तेही गाजलं. मग ऑर्केस्ट्रावाले, रिमिक्सवाले. सगळ्यांनी तबकडीतलीच दोन उचलली. त्या दोन्हींत ती बाई आपली दारात उभी, खाडीपल्याड गेलेल्या नवऱ्याची वाट बघत. तिसऱ्यात ती कंटाळते, दाराला कडी घालते आणि स्वतःच होडीत बसते!

आमच्या आईनं ते फणसवाडीत, गणपतीच्या मेळ्यात ऐकलेलं, रेकॉर्ड निघायच्याही आधी. परळच्या चाळीत भाकऱ्या थापताना ती तिन्ही कडवी म्हणायची. शेजारणी चिडवायच्या, "वहिनी, तिसरं तुमच्या पदरचं!" आई म्हणायची, "असूदे. माझी बाई नाय बसायची घरात."

आता चाळीच्या जागी टॉवर आणि गणपतीत कराओके. सेक्रेटरी म्हणाला, "काकू, दोनच कडवी हां. ट्रॅक तेवढाच आहे."

"मग ट्रॅकला बसू दे गप्प."

"ओरिजिनलमध्ये नाहीच ते, काकू."

"ओरिजिनल तुझ्या मोबाईलमध्ये जन्मलं काय रे?"

ट्रॅक संपला, टाळ्या पडल्या. त्यानं माईकसाठी हात पुढे केला. मी मागे सरकले आणि घातली दाराला कडी. आवाज फाटला, होडीत बसेपर्यंत दम लागला, पुढच्या खुर्च्या हसल्या. हसू देत. बाई गेली पलीकडे.

पण एक ऐक. तुझी आई गेल्यापासून हे कडवं मला एकटीलाच येतं. व्हिडिओवरून शिकायला जाशील तर शेवटची ओळ माझ्या खोकल्यात गेलीय. ती समोर बसूनच घ्यावी लागेल. दिवाळीत बघू, सुट्टी मिळाली की बघू, असलं मला सांगू नकोस. मी काही दारात उभी राहणारी नाही, टॅक्सी करून सरळ अँटॉप हिलला तुझ्या घरी येईन. त्यापेक्षा तूच ये गं, या रविवारीच ये.