ट्रॅक्टरची बॅटरी

बॅटरीच्या ॲसिडचा वास आला की मला भूमजवळचा तो माळ आठवतो. दुष्काळात भूगर्भातलं पाणी शोधत आमची जीप फिरायची आणि तिच्यात एक नवाकोरा कॉम्प्युटर बसवला होता. तो आम्ही जीपच्याच बॅटरीला जोडला होता. त्यामुळं पुढच्या शेतात जायला स्टार्टर मारला की पडदा काळा व्हायचा आणि सकाळपासूनची मोजणी पुसली जायची. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा गावच्या सहकारी सोसायटीचा ट्रॅक्टर चालवणारे काका वायरी निरखत म्हणाले, "साहेब, एकाच बैलजोडीला नांगर बी अन् मोट बी, कसं व्हावं?" ते गेले आणि ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावर घेऊन आले. सायकलच्या ट्यूबनं ती बाकाखाली आवळली आणि कॉम्प्युटर तिला जोडला. "अन् तुमचा ट्रॅक्टर?" मी विचारलं. "यंदा नांगरायचं काय हाय? पाणी घावलं की आणून द्या." जीप सुरू झाली, पण पडद्यावरचा एक आकडाही हलला नाही. बोअरला पाणी लागलं त्या दिवशी मी बॅटरी परत द्यायला गेलो, तर काका तो बिनबॅटरीचा ट्रॅक्टर फडक्यानं पुसत होते. आता माझ्या मोटारीतल्या कॉम्प्युटरचा पडदा आपोआप उजळतो, तरी चावी फिरवताना मला तो लखलखीत पुसलेला ट्रॅक्टर दिसतो.