त्या उन्हाळ्यातल्या कुरडया

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. नांदेडला मनोविकारांच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी गल्लीत सांगून टाकलं, "गुरुद्वाऱ्याला चाललोत." रेणापूरहून लातूर जवळ, पण लातूरच्या दवाखान्यात बाकावर कोण ओळखीचं भेटेल याचा नेम नाही. म्हणून नांदेड. उतरल्यावर आत्याबाईंनी मला आधी खरोखरच गुरुद्वाऱ्यात नेलं. खोटं बोललेलं त्यांच्या पोटात राहत नाही. मी माथा टेकला आणि एकच मागितलं, डॉक्टरांनी तो शब्द उच्चारू नये.

बायपोलर. गावातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो दबक्या आवाजात उच्चारला होता. "असू शकतं, खात्री करून घ्या." तेव्हापासून भाकरी थापतानाही डोक्यात तोच. नुसतं उदास वाटणं मी पचवलं असतं, उदास कोण नसतं? पण हे जन्माला चिकटणारं, असं मोबाइलवर वाचलं.

घरचं माणूस सोबत आणा, असा नांदेडहून निरोप होता. नवरा पुण्याला कंपनीत, उरल्या आत्याबाई. येताना बसमध्ये मी त्यांना पढवून बघितलं, "मी झोपून राहते, तेवढंच सांगा."

"मला शिकवू नको," त्या म्हणाल्या. "सून येडी हाय म्हणून सांगाया आले व्हय मी?"

डॉक्टर तरुण बाई होत्या. "मावशी, सून एरवी कशी असते?" त्यांनी विचारलं. आत्याबाई सावरून बसल्या आणि पोरगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं सांगावेत तसे माझे गुण सांगायला लागल्या.

"लई गुणाची हाय बघा. मागल्या उन्हाळ्यात तर कमालच केली. गहू भिजू घातले ते आमचेच न्हाई, समद्या गल्लीचे. एकटीनं चीक शिजवला, एकटीनं सोऱ्या दाबला. कुरडयांनी गच्ची पांढरीफेक! ना झोप, ना थकवा."

"झोप नाही?"

"कशाची झोप! रातच्याला उठून दारं रंगवायची. तोंडात सारखं गाणं. हात बी मोठा, मागंम्होरं न बघता समद्या नणंदांना इरकली साड्या घेतल्या."

प्रत्येक कौतुकाला डॉक्टर लिहून घेत होत्या. मी आत्याबाईंचा पदर खालून ओढला. त्यांना वाटलं, सून लाजली. त्यांना आणखीच चेव आला.

तो उन्हाळा मलाही आठवत होता. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात मी पहिल्यांदा सगळ्यांना आवडले होते. मलाही मी आवडले होते. तेवढा एक उन्हाळा माझा, असं मी मनात धरून होते. तोच आजार असेल तर मी कोण? भिंतीकडे तोंड करून पडलेली ती?

"आणि पुढं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पुढं काय, नजर लागली कुणाची तरी."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "आज एका भेटीत शिक्का मारत नाही, आपण पुन्हा बोलू. पण बायपोलरच वाटतंय." झालं, शब्द आला. उपचार आहेत, गोळ्या आजपासूनच सुरू करू, नीट जगता येतं, असं त्या बरंच धीराचं बोलल्या. मला वरच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

परतीच्या बसमध्ये अहमदपूर मागं पडलं तरी मी तो शब्दच घोळवत होते. आत्याबाई मात्र खुशीत होत्या.

"बघ, एक शब्द वाकडा बोलले का तुझ्याबद्दल?" मग माझ्या मांडीवरची गोळ्यांची पिशवी चाचपून त्यांनी हळूच विचारलं, "ह्या घेतल्या की व्हशील ना गं परत तशी? त्या उन्हाळ्यावानी?"

त्यांच्या कुशीत शिरून मोठ्यानं रडावंसं वाटलं. गोळ्या नेमक्या त्यासाठीच होत्या, मी पुन्हा तशी होऊ नये म्हणून.

"बघू," मी म्हणाले.

आत्याबाईंनी तेवढ्यावरच यंदा गहू जास्तीचा घ्यायचं ठरवून टाकलं.