पाव फेऱ्याचा व्हॉल्व्ह

वर्कशॉपमध्ये तिला समोर सगळे ताई म्हणत आणि पाठ वळली की फौजदार. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. तेलविहिरी खोदणाऱ्या कंपनीचा तो तळ. पत्र्याच्या लांबलचक शेडच्या अगदी टोकाला व्हॉल्व्ह दुरुस्तीचा विभाग होता. हवेत डिझेलचा वास, घासायच्या पेस्टने काळवंडलेली टेबलं, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने, आणि मधोमध चेन-पुलीला लटकलेला एखादा अवजड व्हॉल्व्ह. रिगवर, म्हणजे विहीर खोदणाऱ्या मनोऱ्यावर, जे जे उघडतं-मिटतं ते बिघडलं की इथे यायचं आणि तिच्या हाताखालून जायचं.

कंपनीने तिला खरं तर ऑफिसात टाइप करायला घेतलं होतं. तिथे बसून बसून तिची पाठ धरली आणि डोकं त्याच्याही आधी. व्हॉल्व्ह विभागात सुटे भाग धुवायला माणूस हवा आहे असं कानावर आलं, तशी ती जाऊन उभी राहिली. तेव्हाच्या फोरमनने बाईमाणसाला हे झेपायचं नाही म्हणून परत पाठवलं. जेवणाच्या सुट्टीत ती पुन्हा हजर, बाह्या वर सारून. असं बरेच दिवस चाललं. शेवटी कंटाळला तो फोरमन, ती नाही. धुण्याच्या टाकीपासून सुरुवात करून ती व्हॉल्व्हमधली गोळ्याची बैठक घासायला शिकली, आरपार भोक असलेले गोळे तिच्यात बसवायला शिकली, आणि फोरमन निवृत्त झाला तेव्हा विभागाच्या चाव्या तिच्याच कमरेला आल्या. लग्नाचंही असंच झालं. मागणी घालणाऱ्या एकाने नोकरी सोडाल का असं विचारलं, तर तिने उलट त्यालाच तुम्ही सोडाल का म्हणून विचारलं. बोलणी तिथेच आटोपली. तिला त्याचं काही वाटलं नाही. आईला मात्र अजून वाटतं.

कामात तिच्यासारखी तीच, पण तोंडाचं विचारू नका. एकदा पट्टा सुरू झाला की समोर रिग चालवणारा ड्रिलर असो नाहीतर साहेब, ती कोणाची भीडभाड ठेवत नसे. तिचा सगळ्यात मोठा राग वाळूवर. रिगवरून परत आलेल्या व्हॉल्व्हमध्ये वाळू निघाली की आणणाऱ्याची खैर नसे. त्यातून तिचा धाकटा भाऊ रिगवरच कामाला. विहिरीच्या तोंडाशी जो उंच मजला असतो, तिथे पाइप जोडायचं आणि सोडवायचं काम तो करायचा. त्यामुळे इतरांना वर्कशॉपमध्ये जे ऐकावं लागे, ते त्याला घरी जेवताना ऐकावं लागे. व्हॉल्व्ह ठेवता की उकिरडा करता, असं ती त्याला भरल्या ताटावर विचारायची. तो हसून मान खाली घालायचा आणि जेवायचा. आईबापाच्या वरताण तिने त्याला वाढवलं होतं, त्यामुळे तिचं बोलणं त्याला लागत नसावं, असंच सगळे धरून चालले होते.

मग तो प्रकार घडला. विहिरीतून पाइप वर काढत असताना कधीकधी खालचा दाब उसळतो आणि पाइपातूनच चिखल वर यायला लागतो. त्या वेळेसाठी रिगच्या मजल्यावर एक सेफ्टी व्हॉल्व्ह तयार ठेवलेला असतो. चांगला जडशीळ, दोघांनी उचलायचा. तो उघडा ठेवायचा, ही त्यातली मुख्य गोष्ट. उघडा असला की उसळणारा चिखल त्याच्या पोटातून निघून जातो, तेवढ्यात तो पाइपावर चढवून आटे आवळायचे, आणि मग पान्याने पाव फेरा द्यायचा. आतला गोळा फिरतो आणि वाट बंद होते. पण तोच आधीपासून बंद असला, तर उकळत्या पातेल्यावर झाकण दाबून धरल्यासारखं होतं, आणि इथे पातेलं म्हणजे अख्खी विहीर. त्या दिवशी चिखल आला, धाकट्याने आणि त्याच्या जोडीदाराने व्हॉल्व्ह उचलून पाइपावर धरला, आणि तो बंद निघाला. चिखलाने तो उडवून दिला. ड्रिलरने पाइप फिरवायचा वर टांगलेला दांडा खाली आणून पाइपाला जोडला, त्याच्यातली वाट बंद केली आणि कशीबशी विहीर आवरली. जीव कोणाचा गेला नाही. धाकट्याचा उजवा हात मात्र व्हॉल्व्ह आणि कठड्याच्या मध्ये सापडून चेचला.

तळावरच्या मोठ्या साहेबांनी चौकशी फार लांबवली नाही. व्हॉल्व्हवर पाना बसवायची जी खाच असते, तिच्यावर एक रेघ असते. रेघ पाइपाच्या दिशेने उभी म्हणजे वाट उघडी, आडवी म्हणजे बंद. ड्रिलरने सांगितलं की रेघ उभीच होती, त्याने स्वतः पाहिली होती. मग निष्कर्ष सरळ होता. दुरुस्तीत गोळा पाव फेरा चुकवून बसवला असणार, म्हणून बाहेर उघडा दिसणारा व्हॉल्व्ह आत बंद होता. चूक वर्कशॉपची. ताईने मान्य करावं, तिची बदली सामानाच्या कोठारात होईल, आणखी काही होणार नाही. व्हॉल्व्हवर लाल रंगाची फुली मारून तो भंगारात टाकला. सगळ्यांची किती छान सोय झाली बघा. रिगवरच्यांवर बोट नाही, धाकटा बिचारा निर्दोष जखमी, ड्रिलर मोकळा, साहेब मोकळे. एका बाईने फक्त मान डोलवायची होती.

ती म्हणाली, "आधी व्हॉल्व्ह बघते, मग मान्य करते."

बघायची काही गरज नाही, असं साहेबांनी सांगितलं. त्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये जो तो तिला समजावायला लागला. कोठारात पंखा आहे, हात काळे होणार नाहीत, या वयात आणखी काय हवं. ती ऐकून घ्यायची आणि कामाला लागायची. घरी तर याहून कठीण होतं. भावजयीचे डोळे रडून रडून सुजले होते. तिचं म्हणणं एवढंच, की चूक रिगची ठरली तर ती यांच्यावरच येईल, कारण व्हॉल्व्ह सांभाळायचं काम यांचं. हात तर गेलाच, आता नाव पण जाईल. यात खोटं काही नव्हतं. आई मात्र रडली नाही. तिने ताट पुढे सारलं आणि विचारलं, "आयुष्यभर ताठ मानेने राहिलीस. आता भावासाठी एकदा वाकवलीस तर मोडणार आहे का?"

"मोडेल," ताई म्हणाली आणि न जेवता उठली.

ती धाकट्याच्या खोलीत गेली. तो खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये, उशांना टेकून बसला होता. व्हॉल्व्ह ठेवताना रेघ कशी होती, असं तिने त्याला विचारलं. आपल्याला आठवत नाही, असं तो भिंतीकडे बघत म्हणाला. लहानपणी कोणी कोणाच्या किती गोट्या लाटल्या हे ज्याला अजून तोंडपाठ होतं, त्याला हे आठवत नव्हतं. तिने पुन्हा विचारलं नाही. तिला त्याचा राग आला, त्याची कीवही आली, आणि राग जरा जास्त आला.

पण आणखी एक गोष्ट होती, जी तिने कोणालाच सांगितली नव्हती. तिला स्वतःलाच खात्री नव्हती. गोळा पाव फेरा चुकून बसणं ही काही अशक्य गोष्ट नाही. शिकत असताना तिच्या हातून एकदा ते झालंही होतं, टेबलावरच ध्यानात आलं म्हणून निभावलं. या खेपेला ते ध्यानात आलं नसेल तर? मग धाकट्याचा हात तिनेच चेचला असं होईल. कोठारात पंख्याखाली बसून हे कधीच कळलं नाही तर किती बरं, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं. त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी जेवणाची घंटा होताच ती ढकलगाडी घेऊन थेट भंगाराच्या ढिगाकडे निघाली.

भंगाराला कोण कुलूप लावतंय? तिने पहारीने व्हॉल्व्ह उचकटून गाडीवर लोळवला. फाटकावरचा पहारेकरी काय नेताय म्हणून पुढे आला, तेव्हा तिने त्याला बजावून ठेवलं की कोणी विचारलं तर माझं नाव सांग, आडनावासकट. आणि चाकांचा कर्कश आवाज करत ती गाडी घेऊन कॅन्टीनमध्ये शिरली.

जेवणाच्या सुट्टीत साहेबांपासून वेल्डरपर्यंत सगळे तिथेच असायचे. ड्रिलर होता. कंपनीच्या डॉक्टरांना हात दाखवायला आलेला धाकटाही आपल्या जुन्या सोबत्यांत बसला होता. तिने मधल्या टेबलावरची ताटं बाजूला केली. दोन वेल्डर न सांगता उठले आणि त्यांनी व्हॉल्व्ह उचलून टेबलावर आडवा ठेवला. टेबल करकरलं.

"बाई, लोक जेवतायत," साहेब म्हणाले.

"जेवू द्या. याला पाव फेराच लागतो."

भंगारात टाकताना कोणीतरी सवयीने व्हॉल्व्हच्या खालच्या आट्यांवर पुन्हा टोपी बसवली होती. आटे खराब होऊ नयेत म्हणून ती लावतात, आणि ती असली की आत डोकावता येत नाही. तिने ती फिरवून काढली. वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे टेबलभर पडले. खाचेवरची रेघ व्हॉल्व्हच्या लांबीला आडवी होती. तिने पाना बसवला आणि जोर दिला, पण गोळा हलेना. गोळ्याभोवतीचा चिखल दगड झाला होता. तिने पाय रोवले आणि अंगाचा सगळा भार टाकला. गोळा कुरकुरत फिरला, रेघ उभी झाली. आता फक्त वाकून बघायचं होतं, आणि तेवढा तिचा धीर होईना. सगळे आपल्याकडे बघतायत हे तिला दिसत होतं. मग दात आवळून ती वाकली.

व्हॉल्व्हच्या पोटातून आरपार उजेड येत होता. पलीकडे खिडकी होती, खिडकीच्या अलीकडे ड्रिलरच्या शर्टाचं वरचं बटण होतं. तिने बराच वेळ त्या बटणाकडे बघितलं.

"या," ती उभी राहत म्हणाली. "ज्याला डोळे आहेत त्याने बघावं."

आधी वेल्डर आले, मग पंपवाले, मग एकेक करून सगळेच. आंबट तोंड करून साहेबही वाकले. रेघ उभी आणि वाट उघडी होती, म्हणजे गोळा बरोबर बसवलेला होता, आता यात वाद घालायला जागा उरली नव्हती. ड्रिलर तेवढा ताटातच बघत राहिला. उभी रेघ त्याने पाहिली नव्हती, पाहिली असती तर बरं झालं असतं एवढंच.

"म्हणजे रिगवरच बंद ठेवला होता," साहेब म्हणाले. त्यांची नजर धाकट्याकडे गेली आणि लगेच परत फिरली. ते काही वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना सोपं हवं असायचं. औषधाच्या गुंगीत कोणी काही बोलू नये, पुढे सावकाश बघता येईल, असं ते म्हणाले. धाकट्याला निसटायला वाट करून दिली होती, आणि ते लहान मुलालाही कळलं असतं.

धाकटा उठला. टेबलापाशी आला. त्याने डाव्या हाताने पाना धरला आणि बहिणीने दिलेला फेरा उलटा फिरवला. रेघ आडवी झाली.

"असा ठेवला होता, साहेब. मीच."

का, म्हणून साहेबांनी विचारलं. तो बहिणीकडे न बघता म्हणाला, "उघडा ठेवला की आत वाळू जाते."

कोणी हसलं नाही. वाळूवरून काय काय ऐकावं लागतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. रोज संध्याकाळी घरी बोलणी बसतात म्हणून या माणसाने व्हॉल्व्ह बंद करून, टोपी लावून, स्वच्छ पुसून ठेवला होता, आपल्या बहिणीसाठी. ताईला ते एका क्षणात उमगलं. तिची सुटका झाली होती. तिच्या कामावर आता कोणी बोट ठेवू शकत नव्हतं. मूग गिळून बसली असती तर कोणी एक शब्द बोललं नसतं.

"लिहा साहेब," ती म्हणाली. "व्हॉल्व्ह बरोबर होता. याने बंद ठेवला. आणि याच्या खाली लिहा की वाळूवरून याला घरी-दारी फाडून खाणारी मी. व्हॉल्व्ह स्वच्छ पाहिजे एवढंच मी ओरडले, उघडा पाहिजे हे एकदाही नाही."

"तुम्हाला कळतंय का? सुटलात तशा पुन्हा अडकताय."

"कळतंय. हाताची चूक नव्हती, ती तुम्ही कितीही गळ्यात घातलीत तरी घेतली नाही. ही तोंडाची आहे. ही घेते. आणि कोठारात मी जाणार नाही. मला रिगवर पाठवा, एकेका पाळीला उभं करून सांगते, की वाळू आली तर येऊ दे, ती काढायला मी बसलेय."

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि ते कागद शोधायला लागले. तिने कोणाची वाट बघितली नाही. वेल्डरांनी व्हॉल्व्ह उतरवून दिला, तिने तो गाडीवर नीट टेकवला, पान्याने पाव फेरा देऊन उघडा केला आणि गाडी वर्कशॉपच्या दिशेने वळवली. धाकटा डाव्या हाताने मागून ढकलत होता.